चुकीवर बोट, पाठीवर हात

(संस्थेच्या वार्षिक शिक्षक-पालक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला विषय देण्यात आला तो 'चित्रकला आणि मार्गदर्शन'. विषय फार मोठा आहे आणि माझी पदवी चित्रकलेची नाही. मी बी. ए., बी. एड. झालेला भाषेचा शिक्षक. शाळेत चित्रकलेला पूर्ण वेळ शिक्षक नसला की ते तास आमच्यासारख्यांकडे येतात, तसे ते माझ्याकडे आले आणि माझ्याजवळच राहिले. म्हणून या मोठ्या झाडाची एकच फांदी मी आज धरणार आहे. मूल जेव्हा खोका, डबा, घागर, स्टूल अशा वस्तूंचे चित्र बांधणीतून काढायला शिकते, तेव्हा त्याच्या कागदाकडे पाहून आपण काय बोलावे, आणि आपण बोललेले त्याने कसे घ्यावे, एवढेच मला सांगायचे आहे. हे भाषण स्मरणिकेत छापले जाणार आहे असे कळले. तेव्हा जे आज समोर नाहीत त्या वाचकांनीही एक कागद आणि पेन्सिल जवळ घेऊनच पुढे वाचावे, अशी माझी विनंती आहे.

प्रथम, बांधणीचे चित्र म्हणजे काय? समोर घागर ठेवली आणि मुलाला काढायला सांगितली, तर बहुतेक मुले बाहेरच्या कडेवरून पेन्सिल फिरवतात. डाव्या बाजूने खाली उतरायचे, उजव्या बाजूने वर चढायचे. घागर होते, पण एक खांदा वर आणि एक खाली. बूड तर असे की पाणी भरले तर लवंडावे. बांधणीची रीत वेगळी आहे. आधी मधोमध एक उभी रेषा, म्हणजे घागरीचा अक्ष. मग तोंड, गळा, पोट आणि बूड या चार ठिकाणी चार लंबवर्तुळे, तीही पूर्ण. मागची दिसत नसलेली बाजूसुद्धा फिक्या रेषेने काढायची. ही चार लंबवर्तुळे जोडली की घागर उभी राहते. स्टूल काढायचे तर आधी ते ज्यात बसेल असा खोका काढायचा आणि मग त्यातून चार पाय कोरून घ्यायचे. सुतार खुर्ची करतो तेव्हा आधी सांगाडा जुळवतो, पॉलिश मागाहून. तेच इथे.

ही रीत कोणा एका देशाची नव्हे. वस्तूवरून निघालेला प्रकाश सरळ रेषेत डोळ्यापर्यंत येतो म्हणून आपल्याला दिसते, हे इब्न अल-हैसम यांनी अकराव्या शतकाच्या सुरुवातीला 'किताब अल-मनाझिर' या ग्रंथात मांडले. तो ग्रंथ लॅटिनमध्ये जाऊन युरोपात वाचला गेला. पुढे 1435 साली इटलीत अल्बेर्ती यांनी यथार्थदर्शनाचे नियम लिहून ठेवले. फ्रान्सचे चित्रकार सेझान यांनी 1904 साली आपल्या एका तरुण मित्राला पत्रातून सुचवले की निसर्गाकडे नळकांडे, गोल आणि शंकू यांच्या नजरेने पाहावे. आपला मुलगा घागरीच्या पोटात लंबवर्तुळ काढतो, तेव्हा तो या लांबच्या रांगेत शेवटी येऊन उभा राहिलेला असतो.

आता मुद्द्याकडे वळतो. बांधणीच्या चित्राचा सर्वांत मोठा गुण असा की ते तपासता येते. सुंदर काय आणि कुरूप काय यावर दोन माणसांचे एकमत होणार नाही. पण खोका जुळला की फिसकटला, हे कागदावर सिद्ध करता येते. ते कसे, हे थोडक्यात सांगतो.

खोक्याला बारा कडा असतात आणि त्यांचे चार-चारांचे तीन गट पडतात. प्रत्येक गटातल्या चार कडा प्रत्यक्षात एकमेकींना समांतर असतात. पण आपल्यापासून दूर जाणाऱ्या कडा कागदावर हळूहळू जवळ येत एकाच बिंदूकडे चालतात. रेल्वेचे रूळ पाहिलेल्या कोणालाही हे सांगावे लागणार नाही. उभ्या कडा आपण साधारणपणे उभ्याच ठेवतो. मग चूक कशी सापडते? लाल पेन्सिल घ्यावी आणि दूर जाणाऱ्या गटाच्या चारही कडा मागच्या बाजूला वाढवाव्यात. चारही एकीकडे चालल्या असतील तर खोका जुळला. दोघी लगेच भेटल्या आणि दोघी फटकून गेल्या, तर कोणती कड बिघडली हे लाल रेषाच दाखवते. कोणी ओरडण्याची गरज राहत नाही.

डब्याचे किंवा घागरीचे तसेच. लंबवर्तुळाचा आखूड अक्ष वस्तूच्या मधल्या अक्षावरच पडला पाहिजे. तो तिरका झाला की तोंड एकीकडे आणि अंग दुसरीकडे दिसते. डबा नजरेच्या पातळीखाली ठेवला असेल तर त्याचे तोंड चपटे दिसते आणि बूड त्याहून जास्त गोलावलेले दिसते. मुले मात्र बूड सरळ रेषेने काढतात. कारण टेबल सपाट आहे हे त्यांना ठाऊक असते, आणि ठाऊक असलेली गोष्ट दिसणाऱ्या गोष्टीवर मात करते. तिसरी जागा सांध्याची. तोटीच्या लोट्याला तोटी कुठून फुटते, किटलीचा कान कुठे रोवलेला आहे, हे पाहावे. तोटी अंगात शिरलेली दिसली पाहिजे. वरून चिकटवलेली दिसता कामा नये.

आता आपण मुलांच्या कागदावर कोणते शेरे देतो ते आठवा. 'छान.' 'ठीक.' 'सुधारणा हवी.' 'मन लावून काढ.' आणि घाईच्या दिवशी, 'हे काय काढलंस?' यातल्या एकाही शेऱ्याने मुलाला पुढची रेघ कुठे ओढायची हे कळत नाही. 'छान' ऐकून तो खूश होतो, पण काय छान झाले हे त्याला उमगत नाही. 'हे काय काढलंस' ऐकून तो खजील होतो, पण काय चुकले हे त्यालाही कळत नाही आणि पुष्कळदा विचारणाऱ्यालाही सांगता येत नाही.

आपल्यात गवंडीकाम करणारे पालक पुष्कळ आहेत, म्हणून त्यांच्या हत्याराचे उदाहरण देतो. ओळंबा भिंतीला शिव्या देत नाही आणि भिंतीची तारीफही करत नाही. तो फक्त लोंबकळतो. त्याच्याकडे पाहून गवंड्याला कळते की तिसऱ्या थरापासून भिंत बाहेर झुकली. मग तो तिसऱ्या थरापासून उतरवून पुन्हा रचतो. आपला शेरा असा ओळंब्यासारखा असावा. 'तुला जमत नाही' असे न म्हणता 'उजवीकडे जाणाऱ्या चार कडा लाल पेन्सिलीने वाढव आणि कोणती फटकून जाते ते मला दाखव' असे म्हणावे. पहिल्या वाक्यात तपासणी पोराची होते, दुसऱ्यात रेषेची.

शेरा देणाऱ्यांसाठी, म्हणजे शिक्षक, मोठी भावंडे आणि पालक यांच्यासाठी, काही गोष्टी मला अनुभवाने पटलेल्या आहेत.

पहिली गोष्ट, बोलण्याआधी विचारावे. तू काय काढायचा प्रयत्न केलास? कुठे अडलास? पुष्कळदा मुलाला आपली चूक दिसलेली असते. त्याने स्वतःच्या तोंडाने सांगितलेली चूक त्याला जास्त दिवस लक्षात राहते.

दुसरी गोष्ट, एका वेळी एक किंवा फार तर दोन चुका सांगाव्यात, आणि त्याही पायातल्या आधी. खोकाच वाकडा असेल तर छटा, लाकडाच्या रेषा आणि सावली यांवर बोलू नये. पाया खचलेल्या घराला चुना लावून काय उपयोग? अकरा चुका एकदम सांगितल्या की मूल एकही दुरुस्त करत नाही.

तिसरी गोष्ट, मुलाच्या रेषेवर आपली पेन्सिल चालवू नये. दाखवायचे असेल तर समासात काढून दाखवावे, किंवा वर ट्रेसिंग पेपर ठेवून त्यावर काढावे. खुशनवीसीची परंपरा ज्यांना ठाऊक आहे त्यांना यात नवे काही वाटणार नाही. बगदादचे वजीर इब्न मुक्ला 940 साली वारले. त्यांनी अक्षरांचे प्रमाण बसवून दिले असे मानले जाते: कलमाच्या टोकाने पडणारा तिरका चौकोनी ठिपका हे माप, त्या मापाने अलिफची उंची आणि अलिफच्या व्यासाचे वर्तुळ. म्हणजे अक्षरसुद्धा बांधणीचेच. शागिर्द मश्क लिहून आणी, तेव्हा उस्ताद त्याच्या ओळीखाली बरोबर अक्षर लिहून दाखवी आणि ठिपके मांडून कुठे किती कमी पडले ते दाखवी. शागिर्दाची ओळ शागिर्दाचीच राहत असे. शायरीत ज्याला 'इस्लाह' म्हणतात तीही अशीच, दुरुस्तीची. अपमानासाठी ती नसते.

चौथी गोष्ट, जे बरोबर आले तेही नेमके सांगावे. 'घागरीचे पोट आणि बूड यांचा अक्ष बरोबर जुळला आहे' असे सांगितले नाही, तर मूल पुढच्या वेळी चुकीबरोबर बरोबर आलेलेही खोडून टाकते. त्याला कुठे थांबायचे ते कळत नाही.

पाचवी गोष्ट गुणांची. रूथ बटलर यांनी इस्राएलमधल्या पाचवी-सहावीच्या मुलांवर केलेला एक प्रयोग 1988 साली प्रसिद्ध झाला. काही मुलांना फक्त लेखी शेरा दिला, काहींना फक्त गुण दिले, काहींना गुण आणि शेरा दोन्ही दिले. ज्यांना फक्त शेरा मिळाला त्यांचे काम सुधारले. आश्चर्य असे की गुण आणि शेरा दोन्ही मिळालेल्यांना शेऱ्याचा फायदा दिसला नाही. मूल आकडा पाहते, शेजाऱ्याचा आकडा पाहते आणि कागद मिटवते. पुढे 1996 साली क्लुगर आणि डिनिसी या दोन अभ्यासकांनी अशा शेकडो निष्कर्षांची एकत्र छाननी केली. शेरा सरासरीने उपयोगी पडतो असे दिसले. पण एक तृतीयांशाहून अधिक ठिकाणी शेऱ्यानंतर काम उलट घसरले होते. शेऱ्याने लक्ष कामावरून उडून स्वतःच्या लायकीकडे वळले की त्याचा गुण कमी होतो, असा त्यांचा निष्कर्ष आहे. म्हणून मी असे करतो की आधी फक्त शेरा देतो, आणि मुलाने ते चित्र पुन्हा काढून आणल्यावरच गुण देतो. यात वेळ जातो. पण तो वाया जात नाही.

इथे एका विद्यार्थिनीची हकीकत सांगतो. ती दुसऱ्या एका शाळेतून आठवीत आमच्याकडे आली. आधीच्या शाळेत तिचा कागद वर्गापुढे उंच धरून दाखवला गेला होता आणि सगळा वर्ग हसला होता. तेव्हापासून ती चित्र काढताना डावा हात कागदाभोवती असा घेऊन बसे की शेजारणीलाही काही दिसू नये. नक्षी सुंदर काढी, कारण नक्षी पाहून उतरवता येते. वस्तुचित्राच्या तासाला मात्र तिचा कागद कोरा. मी तिला काढ म्हणून आग्रह केला नाही. वर्गातले नाव नसलेले दहा-बारा खोके आणि एक लाल पेन्सिल तिच्याकडे दिली आणि तपासून दे म्हटले. तिने तीन दिवस रेषा वाढवल्या. चौथ्या दिवशी मला म्हणाली, "सर, सगळ्यांचीच मागची कड चुकते." मी म्हटले, "हो, बेटा, सगळ्यांचीच." त्या दिवशी तिने स्वतःचा पहिला खोका काढला. मागची कड तिचीही चुकली. तिनेच ती लाल पेन्सिलीने दाखवली. ती मोठी चित्रकार झाली असे मी सांगणार नाही. कागदाभोवतीचा हात सुटला, एवढेच सांगतो. माझ्या मते कोणत्याही शाळेसाठी ही लहान गोष्ट नाही.

आता विद्यार्थ्यांसाठी चार शब्द, कारण देणारा शहाणा असला तरी घेणाराही तयार हवा.

मुलांनो, कागद पुढे करून 'कसं झालंय?' असे विचारू नका. असे विचारले की 'छान' हेच उत्तर मिळते. 'सर, या डब्याचे बूड पुरेसे गोल आले आहे का?' असे विचारा. नेमका प्रश्न विचारला की उत्तरही नेमके येते.

चूक सांगितली की लगेच 'पण पेन्सिल बोथट होती', 'पण बाकडे हलत होते' असे सुरू करू नका. पूर्ण ऐका आणि मग स्वतः तपासा. हो, तपासा. सांगणारा मोठा असला म्हणून त्याचे म्हणणे प्रत्येक वेळी बरोबरच असेल असे नाही. रेषा वाढवून पाहिल्यावर तुमची कड बरोबर निघाली, तर अदबीने म्हणा, "सर, हे बघा, जुळते आहे." गरिबाच्या मुलाला पुराव्यानिशी आणि अदबीने आपले म्हणणे मांडता येणे, हे शिक्षण एका चित्रापेक्षा मोठे आहे. लाल पेन्सिल शिक्षकाच्या हातात जेवढी शोभते तेवढीच तुमच्याही हातात शोभते.

सांगितलेली चूक खोडरबराने पुसू नका. त्याच चित्राला खोडून खोडून भोक पाडण्यापेक्षा शेजारी नवे चित्र काढा आणि दोन्हींवर तारीख घाला. शेरा हे एक प्रकारचे कर्ज आहे; ते पुढच्या चित्रात फेडायचे असते. त्याच वेळी एकच खोका पन्नास वेळा घोटत बसू नका. नेमून दिलेले काढा, शेरा घ्या, तो पुढच्या कामात लावा आणि पुढे चला.

आणि दुसऱ्यांची चित्रे तपासा. आमच्या वर्गात दर आठवड्याला नाव न घातलेले कागद अदलाबदल करून देतो. प्रत्येकाने समोरच्या कागदावर एक बरोबर आलेली गोष्ट आणि एक प्रश्न लिहायचा. निकाल द्यायचा नाही. दुसऱ्याच्या खोक्यात चूक शोधायला शिकलेला डोळा दुसऱ्या आठवड्यात स्वतःच्या खोक्यात ती शोधतोच.

पालकहो, आपल्याला वाटत असेल, एवढा आटापिटा कशासाठी? कला संचालनालयाच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षांना आपली मुले बसतात. एलिमेंटरीला वस्तुचित्र आहे आणि इंटरमिजिएटला स्थिरचित्र आणि घनभूमिती आहे. परीक्षेच्या खोलीत शेरा द्यायला कोणी येत नाही. तिथे बाहेरचा डोळा आत उतरलेला असावा लागतो, आणि तो वर्षभराच्या चांगल्या शेऱ्यांनीच उतरतो. परीक्षा सोडून द्या. आय.टी.आय.मध्ये फिटरच्या किंवा आरेखकाच्या वर्गात गेलेल्या मुलाला पहिल्या महिन्यातच कागदावरची सपाट आकृती मनात उभी करावी लागते. सुतार, गवंडी, शिवणकाम करणारी भगिनी, लोखंडी खिडक्या बनवणारा, या सगळ्यांची रोजी घन आकार ओळखण्यावर चालते. आपली मुले याच घरांतून येतात. त्यांच्या हातात हुनर आहेच. तो कागदावर मांडता आला की त्याच हुनराची किंमत वाढते.

'आम्हाला चित्रातले कळत नाही' असे कृपा करून म्हणू नका. गुण्या लावून चौकट तपासणाऱ्या बापाला खोका कळत नाही, हे मी मानणार नाही. रात्री मुलाचा कागद हातात घ्या आणि त्याला विचारा, "यातली कोणती कड तुला खटकते?" एवढे पुरे. 'याने काय पोट भरणार?' हाही एक शेराच आहे, हे मात्र विसरू नका. तो मुलाच्या चित्रावर नसून मुलावर असतो, आणि तो कोणत्याही खोडरबराने पुसला जात नाही.

शेवटी संस्थेकडे माझे लहानसे मागणे आहे. आपल्या प्रत्येक शाळेत एक लाकडी खोका, एक डबा, एक घागर, एक तोटीचा लोटा, कच्च्या कागदाचे काही दस्ते, ट्रेसिंग पेपर आणि वर्गाला पुरतील एवढ्या लाल पेन्सिली द्याव्यात. भांडी घरोघरी आहेत. मागितली तर पालकच देतील. खर्च काय तो कागदाचा आणि पेन्सिलीचा. आणि शिक्षक बंधु-भगिनींनी एवढा नेम करावा की या वर्षी नुसता 'छान' आणि नुसता 'सुधारणा हवी' कोणत्याही कागदावर लिहायचा नाही. त्याऐवजी चुकीवर बोट ठेवावे आणि दुसरा हात मुलाच्या पाठीवर असू द्यावा.

माझ्या भाषणातही काही कडा फटकून गेल्या असतील. चहाच्या वेळी त्या दाखवाव्यात. मी ऐकून घेईन, आणि तपासूनही पाहीन.

जयहिंद, जय महाराष्ट्र. खुदा हाफिज.